सगुणेचे नाव घेणाऱ्या मंदाताई

डॉ. मंदाकिनी इनामदार यांची आणि माझी पहिली भेट जपानमध्ये, सेंदाईला, विद्यापीठातल्या त्यांच्या खोलीत झाली. त्सुनामी आणणाऱ्या त्या मोठ्या भूकंपाला वर्ष होऊन गेले होते. मी पुण्याहून पीएचडीसाठी आले होते. 'तिकडे जमीन अजून हलते म्हणे,' असे आईने निघताना इतक्यांदा म्हटले होते की ती भीती मलाही चिकटली होती. ताईंनी चहा ओतला आणि माझ्या आराखड्यावर बोलायला सुरुवात केली. तेवढ्यात खोली हलू लागली. भिंतीला साखळ्यांनी बांधलेली पुस्तकांची कपाटे करकरली. मी खुर्ची सोडून सरळ टेबलाखाली शिरले. ताईंनी दोन्ही कप हातांनी धरून ठेवले. सगळे शांत झाल्यावर त्या खाली वाकून म्हणाल्या, "या वर. टेबलाखाली गेलात ते बरोबर केलंत, मीही जायला हवं होतं. पण तुमचा दुसरा मुद्दा मला अजिबात पटलेला नाही."

विद्यार्थ्यांनाही अहो-जाहो करणाऱ्या या बाईंना आम्ही मराठी मुले ताई म्हणू लागलो आणि जपानी मुलांसाठी त्या इनामदार-सेन्सेई, म्हणजे इनामदार बाईच राहिल्या. त्यांच्या पंचाहत्तरीच्या निमित्ताने निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या विद्वत्तेविषयी माझ्यापेक्षा जाणती माणसे लिहितीलच. मी एका प्रसंगाविषयी आणि त्यानंतर जे घडत गेले त्याविषयी लिहिणार आहे. त्याचा धक्का मला अजून पूर्ण पचलेला नाही, आणि ताईंना ओळखायचे तर तो टाळून चालणार नाही असे मला वाटते.

ताईंचा विषय हिंदी महासागरातला गुलामांचा व्यापार आणि गुलामगिरी कायद्याने संपल्यानंतर त्या माणसांचे पुढे काय झाले, हा. एम.ए. करून त्या शिष्यवृत्तीवर जपानला आल्या, भाषा शिकल्या आणि इथेच राहिल्या. भूकंपानंतर पुष्कळांनी त्यांना परत जायचा सल्ला दिला. ताई शाळेच्या व्यायामशाळेतल्या निवारा केंद्रात सायकलवरून जात राहिल्या, परदेशी विद्यार्थ्यांना सरकारी सूचना समजावून सांगत राहिल्या. त्यांचा मोरिता नावाचा विद्यार्थी होता. भूकंपात अपघात झालेल्या अणुवीज केंद्राजवळचे त्याचे गाव रिकामे केले गेले होते आणि तो शिक्षण सोडायच्या बेतात होता. ताईंनी आपल्या घरातली एक खोली त्याला दिली. "खोली रिकामीच आहे, आणि मला बल्ब बदलायला उंच माणूस हवाच होता," एवढेच त्या त्यावर बोलत.

दर वर्षी त्या वर्गात एक वाद घडवून आणत: गुलामांच्या वंशजांना आज नुकसानभरपाई द्यावी की देऊ नये. माझ्या पहिल्या वर्षी त्यांनी सुरुवातीलाच विचारले, "गुलामगिरी बंद झाली तेव्हा ब्रिटिश साम्राज्यात भरपाई कोणाला मिळाली?"

कोणालाच नाही, असे आम्ही म्हणालो.

"मिळाली," ताई म्हणाल्या. "मालकांना. त्यांची मालमत्ता गेली म्हणून."

मी इतिहासात एम.ए. केले होते आणि मला हे माहीत नव्हते. मग जमैकाहून आलेली जॅनिस म्हणाली, "आमच्याकडे हे शाळेतल्या मुलांना ठाऊक असतं. तुम्हाला खरंच कुणाला माहीत नव्हतं?" तिच्या आवाजात राग नव्हता. तिला आमचे आश्चर्य वाटत होते, आणि तेच ऐकायला जड गेले.

वाद सुरू झाला. ज्यांनी केले ते गेले, ज्यांनी सोसले ते गेले, आता कोण कोणाला देणार, असे एक जण म्हणाला. मला ते पटत होते. तेव्हा मोरिता बोलला. एरवी तो वर्गात तोंड उघडत नसे.

"आम्हाला वीज कंपनीकडून भरपाई मिळते," तो म्हणाला. "माझ्या बहिणीला नव्या शाळेत मुलं म्हणतात, तुमचं बरं आहे, फुकटचं मिळतंय. आमचं घर कुणामुळे गेलं हे त्यांच्यापैकी कुणी विचारत नाही. जो घेतो त्याच्याकडेच सगळे बघतात."

ताईंनी तास संपवला आणि त्याच्याबरोबर चालत बाहेर गेल्या. मी त्यांना ओळखू लागले ते त्या दिवसापासून, असे मला वाटत होते. किती कमी ओळखत होते ते काही वर्षांनी उरायासु शहरात कळले.

उरायासुला आपली मराठी कुटुंबे बरीच आहेत. तिथल्या मंडळींनी ताईंचा सत्कार करायचे ठरवले. माझी पीएचडी झाली होती आणि मी ओसाकाला शिकवत होते. ताईंना सोबत म्हणून मीही गेले. उन्हाळ्याचे दिवस होते. सार्वजनिक सभागृह भाड्याने घेतले होते, बायकांनी घरून पदार्थ करून आणले होते आणि मुले मागच्या बाजूला जपानीत भांडत होती. कार्यक्रमाची सूत्रे हेमंत इनामदार यांच्याकडे होती. पुण्याहून कंपनीच्या कामावर आलेले सॉफ्टवेअर इंजिनिअर, अत्यंत उत्साही आणि मनमोकळा माणूस. मुलाकडे राहायला आलेले त्यांचे वडील अण्णा पहिल्या रांगेत बसले होते.

हेमंतराव ताईंची ओळख करून देताना म्हणाले, "ताईंचं आडनाव इनामदार, आमचंही इनामदार. सहज चौकशी केली तर गावही एकच निघालं. म्हणजे आज मी परदेशात माझ्या आत्याचाच सत्कार करतोय." टाळ्या पडल्या. शाल हातात घेऊन ते पुढे आले.

ताई उभ्या राहिल्या, पण त्यांनी शाल घेतली नाही. आधी दोन शब्द बोलते, म्हणाल्या.

"हेमंतराव म्हणाले ते खरं आहे. आमचं रक्त एकच आहे. ते एक कसं झालं तेवढं सांगायला हवं. माझी खापरपणजी यांच्या घरात बटीक होती. इथल्या मुलांना हा शब्द माहीत नसेल. बटीक म्हणजे विकत घेतलेली बाई. गुलाम."

मला वाटले मी चुकीचे ऐकले. शेजारच्या बाईंकडे पाहिले. त्यांच्या हातातला पंखा थांबला होता.

ताई शांतपणे पुढे बोलत राहिल्या. "दुष्काळात तिला कुणीतरी विकलं. आईबापांनी की आणखी कुणी, ते आम्हाला माहीत नाही. तेव्हा ती परकर नेसायच्या वयाची होती. पुढे तिला मालकापासून मुलगा झाला. त्याला आडनाव मिळालं. शेतीत वाटा मिळाला नाही, देवघराचा उंबरठा ओलांडायची परवानगी मिळाली नाही. त्याच्या पोरांना, नातवांना गाव लेकावळे म्हणत आलं. मी त्यांच्यातली. तिचं नाव सगुणा होतं. तुम्ही मला आत्या म्हणालात, म्हणून आज ते नाव इथे घ्यावंसं वाटलं."

पाठीमागून कोणीतरी दबक्या आवाजात म्हणाले, "ताई, मुलं बसली आहेत."

"अमेरिकेतली गुलामगिरी मुलांना शाळेत शिकवतात," ताई म्हणाल्या. "तेव्हा तुम्ही त्यांना वर्गातून उठवून आणता का?"

एका लहान मुलीने आपल्या आईला जपानीत विचारले, गुलाम म्हणजे काय. ते सगळ्या सभागृहाला ऐकू गेले. आईने तिला जवळ ओढून घेतले.

अण्णा उठले. काठी टेकत, कोणाकडेही न पाहता ते दाराकडे चालू लागले. हेमंतराव शाल हातात घेऊन तसेच उभे होते. वडिलांच्या मागे जावे की थांबावे हे त्यांना कळत नव्हते. ताई खाली बसल्या. जेवणाची भांडी उघडली गेली, ताटे वाढली गेली. आमच्याशी बोलायला फारसे कोणी आले नाही. आम्ही स्टेशनवर पोचायच्या आतच मंडळाचा निरोप सगळ्यांच्या फोनवर गेला होता: 'आजच्या कार्यक्रमात झालेल्या अनुचित उल्लेखाबद्दल दिलगिरी.' सभागृहातल्याच कोणीतरी तो मला पाठवला. पाठोपाठ तिघीचौघींचे फोन आले. सगळ्यांचा प्रश्न एकच, ताईंना हे सांगायची काय गरज होती?

परतताना शिंकान्सेन या वेगवान गाडीत आम्ही शेजारी बसलो. बाहेर हिरवी भातखाचरे मागे पळत होती. ताईंनी स्टेशनवर घेतलेली ओनिगिरी, म्हणजे भाताची मूद, उघडली आणि अर्धी मला दिली. पुण्यातल्या ज्या वस्तीत मी वाढले तिथे गुलाम हा शब्द कायम दुसऱ्या देशांबद्दल वापरला जाई. या बाईंकडे मी वर्षानुवर्षे गुलामगिरी शिकले होते, आणि ती गुलामगिरीच माझ्या समोरच्या खुर्चीत बसून शिकवत होती हे मला माहीत नव्हते.

"तुम्हाला हे केव्हापासून माहीत होतं?" मी शेवटी विचारले.

"एम.ए. झाले तेव्हापासून. माझा साखरपुडा झाला होता. मुलाकडच्यांनी गावात चौकशी केली आणि लग्न मोडलं. कारण सांगायला ते वडिलांकडे येऊन गेले. ते गेल्यावर वडिलांनी मला समोर बसवून सगुणेचं सगळं सांगितलं. त्यांना वाटलं होतं, शहरात आलो, शाळामास्तर झालो, म्हणजे ते संपलं. मी तर सकाळपर्यंत स्वतःला कुणीतरी वेगळीच समजत होते. त्यानंतर मी गावी गेले नाही. जपानची शिष्यवृत्ती मिळाली ती घेतली."

"मग इतकी वर्षं कधी बोलला नाहीत?"

"कुणी विचारलं नाही. आडनाव ऐकलं की लोकांना वाटतं, पुढचं सगळं कळलं. शिवाय दुसऱ्या देशांतल्या गुलामांवर लिहिताना लोक मान देत होते. तो मान मला आवडत होता."

मी भीत भीत विचारले, "त्या लोकांकडून तुम्हाला आता काय हवंय?"

"मला? मला काही नको. पण मला नको आहे म्हणून त्यांचं देणं फिटत नाही."

सेंदाई येईपर्यंत त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

दीड-दोन महिन्यांनी हेमंतरावांचा मला फोन आला. अण्णांना भारतात परतण्यापूर्वी ताईंना भेटायचे होते. ताईंनी मलाही बोलावून घेतले. पितृपक्ष सुरू होता. इथे तो कोणाच्या लक्षात राहत नाही, पण अण्णांच्या लक्षात होता. दुपारी बापलेक ताईंच्या घरी आले. अण्णा सोफ्यावर अवघडून बसले. त्यांनी चहाला हात लावला नाही.

"मी त्या दिवशी उठून गेलो," ते म्हणाले, "ते रागानं नाही. मला तिथं बसवेना."

ताईंनी नुसती मान हलवली.

"आमच्याकडे पितृपक्षात पितरांची पानं वाढून झाली की आई एक पान उचलून मागच्या दारी नेऊन ठेवायची. सगळे पदार्थ वाढलेलं, पूर्ण पान. मी लहानपणी विचारलं, हे कुणाचं? आई म्हणाली, तिचं. कोण ती? तर म्हणाली, ते विचारायचं नसतं. तिच्या सासूनं तिला तेवढंच सांगितलं होतं. माझी बायको होती तोवर तीही ठेवत असे. कुणासाठी, ते तिलाही माहीत नव्हतं." अण्णा काठीची मूठ घट्ट धरून बोलत होते. "तुम्ही त्या दिवशी नाव घेतलंत आणि मला ते पान दिसलं. आयुष्यभर मी ते पाहत आलो होतो."

मी ताईंकडे पाहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना शब्दावाचून अडलेले कधी पाहिले नव्हते. हेमंतरावांची स्थिती तशीच होती. ही गोष्ट त्यांनीही आपल्या वडिलांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकली होती. ते म्हणाले, "अण्णा, तुम्ही मला कधी बोलला नाहीत."

"म्हणजे तुमच्या घरात माहीत होतं," ताई म्हणाल्या. "आम्हाला वाटायचं की तुम्ही विसरलात. विसरलेल्या माणसावर रागावून बसले होते मी." मग त्यांचा आवाज फाटला. "पान ठेवलंत. नाव नाही ठेवलंत."

"नाव आमच्याकडे नव्हतंच, बाई," अण्णा म्हणाले. "ते तुमच्याकडे होतं."

खालच्या रस्त्यावरून कचऱ्याची गाडी आपली धून वाजवत गेली. एका घराने इतक्या पिढ्या एका बाईला जेवू घातले होते, तेही मागच्या दारी, नावावाचून. आणि त्याच गावात दुसऱ्या घराने तिचे नाव जपले होते आणि त्या पानाची त्यांना खबर नव्हती.

अण्णांनी विचारले, "मी काय करू ते सांगा."

"मी सांगितलं तर ते माझ्या समाधानासाठी होईल. मी इथे सुखात आहे. तुमच्या घरामागच्या आळीत आमचे लोक अजून राहतात. घरं त्यांनी बांधली, पण खालची जागा तुमच्या नावावर आहे. कर्ज काढता येत नाही, भिंत वाढवायची तर तुमच्याकडे विचारायला यावं लागतं. त्यांना जाऊन विचारा."

"ते काय मागतील?"

"मला माहीत नाही. म्हणूनच विचारायचं."

अण्णा परत गेले आणि त्यांनी खरोखरच विचारले. त्यांच्या भावांनी त्यांच्याशी बोलणे सोडले. म्हातारपणी डोके फिरले, जपानला जाऊन कोणाच्या तरी नादी लागले, असे गावात बोलले गेले. हेमंतराव रजा काढून गेले आणि वडिलांच्या शेजारी उभे राहिले. अण्णांच्या वाट्याच्या जागेवरची घरे ज्यांची होती त्यांच्या नावावर ती जागा करून द्यायचे ठरले. वकिलाने बक्षीसपत्राचा मसुदा केला. बऱ्याच जणांनी सह्या केल्या. भावांच्या वाट्याची जागा आहे तशीच राहिली.

मग आणखी एक धक्का बसला, आणि तो ताईंसकट सगळ्यांना. ताईंच्या चुलत भावजयीने, शालनवहिनींनी, सही करायला नकार दिला. त्या अंगणवाडीत नोकरी करून निवृत्त झालेल्या. वकिलासमोर त्या म्हणाल्या, "बक्षीस कसलं? आम्ही काय शर्यत जिंकलो? दुसरा काही कागद असेल तर सांगा."

वकील म्हणाला, एक हक्कसोडपत्र असते, पण ते घरच्याच वाटेकऱ्यांत होते. बाहेरच्या माणसाला करून देता येत नाही.

"मग आम्ही कोण?" वहिनींनी विचारले.

हेमंतरावांनी हा प्रसंग ताईंना फोनवर सांगितला तेव्हा मी सुट्टीसाठी सेंदाईलाच होते. ताईंनी फोन ठेवला. मग म्हणाल्या, "मी आयुष्यभर भरपाईवर व्याख्यानं दिली. द्यावी की न द्यावी, किती द्यावी, कशी द्यावी. घेताना कोण म्हणून घ्यायची, हे मला एकदाही सुचलं नाही." त्यांनी लगेच शालनवहिनींचा नंबर मागवून घेतला. पहिला फोन फार वेळ चालला. वहिनींनी सुरुवातीलाच त्यांना ऐकवले, "तुम्ही बरं नाव घेतलंत तिकडे लांब जाऊन. इथं घ्यायला या." ताईंनी ते निमूट ऐकून घेतले. आता दर रविवारी दोघींचे बोलणे होते. ताईंचे म्हणणे, सही करून टाका, छप्पर सुरक्षित होऊ दे, शब्दाचे नंतर पाहू. वहिनींचे म्हणणे, शब्दच तर हवा आहे. दोघींपैकी एकही मागे हटत नाही. वर्गातला तो जुना वाद ताई आता शिक्षक म्हणून चालवत नाहीत. त्यात त्या स्वतः एक बाजू आहेत, आणि पुष्कळदा हरणारी.

अण्णांच्या घरी पितृपक्षातले ते पान आता आत, इतरांबरोबर वाढतात आणि सगुणेचे नाव घेतात, असे हेमंतरावांनी कळवले. उरायासुच्या मंडळाने दिलगिरीचा तो निरोप अजून मागे घेतलेला नाही. पण त्या दिवशी प्रश्न विचारणाऱ्या मुलीच्या आईने गेल्या वर्षी ताईंना घरी जेवायला बोलावले. मुलगी आता मोठी झाली आहे. तिच्या प्रश्नाचे उत्तर ताईंनी तिला जपानीतच दिले.

या हिवाळ्यात ताई गावी जाणार आहेत. लग्न मोडल्यानंतर पहिल्यांदाच. गुडघे दुखतात, डॉक्टरांनी लांबचा प्रवास टाळायला सांगितला आहे, आणि आमच्यापैकी कोणाच्याही सांगण्याने त्या थांबणार नाहीत. अण्णांनी स्वतः स्टेशनवर न्यायला यायचे कबूल केले आहे; उतरायचे मात्र शालनवहिनींकडे, असे ताईंनी आधीच बजावले आहे.

ताईंच्या गुडघ्यांना बळ मिळो, आवाज असाच खणखणीत राहो, आणि पंचाहत्तरीपुढची पुष्कळ वर्षे त्यांना निरोगी लाभोत. वहिनींनी वकिलाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर इनामदारांच्या घराला एक ना एक दिवस द्यावेच लागेल. ते दिले जाईल तेव्हा ताई त्या आळीतल्या ओट्यावर वहिनींच्या शेजारी बसलेल्या असाव्यात, आणि ते उत्तर त्यांना न पटल्यास तसे स्पष्ट सांगण्याइतकी ताकद तेव्हाही त्यांच्यात असावी, ही त्यांच्या सर्व विद्यार्थ्यांच्या वतीने मनापासून शुभेच्छा.